जुन्या कॉम्प्युटरचा राउटर कसा करतात? सेवा केंद्रांना त्याचा काय फायदा?

जुलैमध्ये बीड जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांवर खरीप पीकविम्याचे अर्ज भरायला गर्दी होते. मुदत साधारण महिनाअखेरची. अशा वेळी खोदकामात फायबर तुटली की केंद्रातले सगळे कॉम्प्युटर एकदम ठप्प! मग एक मशीन मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतं आणि बाकीची रांग तशीच उभी राहते.

यावर एक स्वस्त उपाय म्हणजे अडगळीतल्या डेस्कटॉपलाच राउटर बनवणं.

राउटर म्हणजे तरी काय?

तोही एक छोटा कॉम्प्युटरच. आतल्या मशीनना पत्ते वाटायचे, त्यांचा डेटा बाहेर पोचवायचा आणि नको ते बाहेरच अडवायचं, एवढं त्याचं काम. हेच काम साध्या पीसीवर करणारी मोफत सॉफ्टवेअर आहेत. 2004 मध्ये 'मोनोवॉल'पासून 'पीएफसेन्स' तयार झालं आणि त्यातूनच 2015 मध्ये 'ओपीएनसेन्स' आलं.

काय लागतं?

64-बिट प्रोसेसर, 4 जीबी रॅम, छोटी एसएसडी. मुख्य गोष्ट लॅन पोर्टची. फायबरला एक, दुसऱ्या कनेक्शनच्या (उदा. 4जी राउटर) केबलला एक आणि ऑफिसच्या स्विचला एक, असे तीन पोर्ट हवेत. मदरबोर्डवर बहुतेक वेळा एकच असतो, म्हणून दोन पोर्टचं कार्ड घ्यावं. या सॉफ्टवेअरशी इंटेलची कार्डं चांगली जुळतात.

सेटअप

पेनड्राइव्हवरून ओपीएनसेन्स इन्स्टॉल करताना डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, त्यामुळे फायली आधी काढून घ्या. फाइल सिस्टिम झेडएफएस निवडा, अचानक लाईट गेली तरी ती सहसा बिघडत नाही. ओपीएनसेन्सचा स्वतःचा पत्ता 192.168.1.1 असतो आणि कंपनीच्या राउटरचाही तोच असू शकतो. तसं असेल तर आतला पत्ता बदला, उदाहरणार्थ 192.168.50.1. नाहीतर नेट का चालत नाही हे शोधण्यात दिवस जाईल. सुरुवातीचा पासवर्डही लगेच बदला, तो सगळ्या जगाला माहीत आहे.

मग 'गेटवे ग्रुप'मध्ये फायबरला टियर 1 आणि 4जीला टियर 2 ठेवा, आणि लॅनच्या फायरवॉल नियमात तो ग्रुप निवडा. आता फायबर गेली की सगळी मशीन आपोआप 4जीवर जातात. बाहेरचा आयपी बदलत असल्याने अर्धवट भरलेल्या फॉर्ममधून मात्र लॉगआऊट होऊ शकतं.

वायफायसाठी जुना राउटर डीएचसीपी बंद करून ॲक्सेस पॉइंट म्हणून जोडता येतो.

वीजबिलाचं काय?

हीच याची खरी किंमत. 50 वॉटचा पीसी 24 तास चालला तर महिन्याला 36 युनिट लागतात. 10 वॉटच्या राउटरला 7 पुरतात. घरी एक-दोन मोबाईलसाठी हा उद्योग नको. चार मशीनच्या केंद्राला मात्र परवडतो.

भारनियमनाच्या भागात बायोसमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' हा पर्याय 'पॉवर ऑन'वर ठेवा, म्हणजे लाईट आल्यावर मशीन स्वतःच सुरू होईल. यूपीएसवर पीसीबरोबर स्विच, फायबरचा डबा आणि 4जी राउटरही जोडा.