सलाफहादाच्या पाच लेकी आणि आमचे हक्कसोडपत्र

आमच्या मंडळीत स्त्रियांची सभा भरली की प्रवचनासाठी ठरावीक बायका बोलावल्या जातात. नवऱ्याला स्वामी म्हणणारी सारा, सासूची पाठ न सोडणारी रूथ, देवदूतापुढे मान लववणारी मरिया, आणि नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातली सद्गुणी स्त्री. चाळीस वर्षे मी हे ऐकत आले. शिक्षिका असल्याने काही वर्षे मी स्वतःच ते सांगत होते. परंतु सलाफहादाच्या पाच लेकींवर एकही प्रवचन मी आजवर ऐकलेले नाही. हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही.

कोण या पाचजणी? महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बायबलात कितीतरी स्त्रिया बिननावाच्या आहेत. विहिरीवरच्या समरितान बाईला नाव नाही, इफ्ताहाच्या बळी गेलेल्या मुलीला नाव नाही. या पाचजणींची नावे मात्र चार ठिकाणी नोंदली गेली आहेत. त्याचे कारण एकच: त्यांनी मागितले.

गणना या पुस्तकाचा सव्विसावा आणि सत्ताविसावा अध्याय एकापाठोपाठ वाचला पाहिजे. मिसरच्या गुलामगिरीतून सुटलेले लोक यार्देन नदीच्या काठी मवाबात येऊन ठेपले आहेत. वीस वर्षांवरील पुरुषांची शिरगणती होते. आकडा भरतो ६,०१,७३०. या मोजणीप्रमाणे जमीन वाटली जाणार आहे. (ज्या कनानी लोकांची ती जमीन, त्यांना कोणी विचारले नव्हते, हेही दलित वाचकाने ध्यानात ठेवावे.) मोजणीत बाई नाही, म्हणून वाटणीतही बाई नाही. सलाफहाद रानात मेलेला, त्याला मुलगा नाही. म्हणजे त्याचे घर हिशेबातून बाद.

तेव्हा या पाच बहिणी दर्शनमंडपाच्या दारात येऊन उभ्या राहतात. समोर मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सारी मंडळी. त्या रडत नाहीत, दया मागत नाहीत. युक्तिवाद करतात. आमचा बाप कोरहाच्या बंडात सामील नव्हता, तो स्वतःच्या पापाने मेला. मुलगा नव्हता एवढ्यावरून त्याचे नाव का पुसावे? बापाच्या भावांबरोबर आम्हांलाही वतन द्या. मोशेजवळ उत्तर नव्हते. तो प्रश्न देवापुढे घेऊन गेला आणि निर्णय मिळाला की मुलींचे म्हणणे बरोबर आहे. सिनायवर कायदा मिळाला असे आपण म्हणतो. पण त्या कायद्यात एक कलम पाच बायकांच्या तोंडून आले आहे, हे कोणी सांगत नाही.

मात्र इथेच आमेन म्हणून पुस्तक मिटले तर फसगत होते. कलम अपुरे होते. मुलगा असेल तर मुलीला काही नाही, हे तसेच राहिले. शिवाय छत्तिसाव्या अध्यायात गिलाद घराण्याचे पुढारी मोशेकडे तक्रार घेऊन आले: या मुलींनी दुसऱ्या वंशात लग्ने केली तर आपली जमीन बाहेर जाईल. मग अट बसली की त्यांनी बापाच्याच वंशात लग्न करावे. पाचही जणींनी चुलतभावांशी लग्ने केली. हक्क मिळाला, पण पाठोपाठ देहावर कुंपण आले.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचला. गटाबाहेर लग्न न होऊ देणे हा जातीचा प्राण आहे आणि ती बंदी टिकवण्यासाठी बाईला जखडले जाते, हा त्याचा गाभा. गिलादच्या पुढाऱ्यांची तक्रार त्या निबंधाशेजारी ठेवून पाहावी. आपल्याकडेही बाप्तिस्मा होऊन तिसरी-चौथी पिढी आली तरी सोयरिकीच्या बैठकीत हळू आवाजात 'मूळचे कोण?' असे विचारले जातेच. कुंपण तेच, फक्त फाटकावर क्रूस आहे.

तिसरा प्रसंग यहोशवाच्या सतराव्या अध्यायात आहे. मोशे गेला, नदी ओलांडली, वाटणी सुरू झाली. कायदा झालेला होता, तरीही या पाचजणींना पुन्हा एलाजार आणि यहोशवा यांच्यापुढे जाऊन त्याची आठवण करून द्यावी लागली. तेव्हा कुठे जमीन मिळाली. मागणे, अटीला तोंड देणे आणि पुन्हा जाऊन वसूल करणे, असे हे तीन टप्पे. स्त्रीच्या हक्काचा इतिहास याच तीन पायऱ्यांवर अडखळत आला आहे.

तो आपल्या देशातही असाच घडला. ज्या १९१६ साली बाबासाहेबांनी तो निबंध वाचला, त्याच साली त्रावणकोर संस्थानात ख्रिस्ती वारसाहक्काचा कायदा झाला. बाप मृत्युपत्र न करता वारला तर मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतले जे कमी असेल ते, आणि तेही स्त्रीधन म्हणून! कोट्टायमच्या मेरी रॉय यांनी या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १९८६ साली निकाल लागला: १९५१ पासूनच तिथे १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे आणि त्यात मुलगा-मुलगी समान आहेत. मग गिलादचे पुढारी जागे झाले. चर्चमधून विरोध झाला, निकालाचा मागील काळावरील परिणाम टाळण्यासाठी नवा कायदा आणण्याचे प्रयत्न झाले, मुलींना वगळणारी मृत्युपत्रे होऊ लागली. मेरी रॉय यांना स्वतःचा हिस्सा हाती पडायलाही पुढे वर्षानुवर्षे झगडावे लागले. त्या दलित नव्हत्या. सिरियन ख्रिस्ती समाजातल्या होत्या. पण जी वाट त्यांनी पाडली ती साऱ्या ख्रिस्ती मुलींची आहे. २०२२ साली त्या वारल्या, तेव्हा आमच्या सभेत त्यांच्यासाठी दोन मिनिटे कोणी उभे राहिले नाही.

आता माझे सांगते. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मुलीला मेरी रॉय होण्याची गरज नव्हती. १९२५ चा कायदा आम्हांला आधीपासूनच लागू होता. माझे वडील १९८९ साली वारले. आई आधीच गेली होती. दोन भाऊ आणि मी. गावी साडेचार एकर वावर. कायद्याने माझे दीड एकर होते. तीन वर्षांपूर्वीच वर्तमानपत्रातला तो निकाल मी वर्गात मुलींना वाचून दाखवला होता. तीच मी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बसून हक्कसोडपत्रावर सही करून आले. धाकटा भाऊ एवढेच म्हणाला होता, "अक्का, तुला माहेर हवंय का वावर?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते गणनेच्या सत्ताविसाव्या अध्यायात होते. पण ते मला कोणी शिकवलेच नव्हते.

हा माझा भाऊ वाईट माणूस नाही. दलित ख्रिस्ती हक्कांच्या प्रत्येक मोर्चात तो पुढे असतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले; ख्रिस्ती झालेला महार-मांग मात्र बाहेरच राहिला. धर्म बदलला म्हणून आमचा वाटा का बुडवता, असे तो सरकारला ठणकावून विचारतो. प्रश्न रास्त आहे. पण लग्न होऊन घर बदलले म्हणून बहिणीचा वाटा का बुडवता, हा त्याच प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि तो त्याला ऐकू येत नाही. समरितान बाईच्या विहिरीचे नाते आम्ही महाडच्या चवदार तळ्याशी जोडतो. ते आमच्या पुरुषांना आवडते, कारण तिथे अन्याय करणारा बाहेरचा असतो. पाच बहिणींच्या कथेत समोर आपलेच चुलते उभे असतात. म्हणून ती कथा व्यासपीठावर येत नाही.

बाबासाहेबांना हा दुसरा अर्धा भाग ऐकू येत होता. हिंदू कोड बिलात त्यांनी मुलीचा वाटा लिहिला आणि ते बिल रखडवले गेले तेव्हा १९५१ साली मंत्रिपद सोडले. आमच्यापैकी किती पुढारी बहिणीच्या वाट्यासाठी मंडळीच्या पंच कमिटीचे पद सोडतील?

स्त्रियांनी आता ग्रंथ स्वतः वाचला पाहिजे. तो मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणण्यासाठी पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. १९२२ साली त्या वारल्या आणि केडगावच्या मुक्ति मिशनमधून १९२४ साली ते भाषांतर बाहेर पडले. बाईने आणलेला ग्रंथ बायकांनी पुरुषांच्या तोंडूनच का ऐकावा? नीतिसूत्रांतली ती सद्गुणी स्त्रीच पाहा. पहाटे उठते, सूत कातते, एवढे आम्हांला सांगतात. ती शेत पाहून विकत घेते आणि स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, हे सोळावे वचन कुठे जाते? तो अध्याय सुरू होतो तोही एका आईच्या शिकवणीने, आणि मुक्यांच्या बाजूने तोंड उघड, असे ती राजा झालेल्या मुलाला बजावते.

माझी सही आता पुसली जाणार नाही. पण गेल्या वर्षी थोरला भाऊ वारला आणि माझ्या भाचीपुढे तसाच कागद आला. ती माझ्याकडे आली. आम्ही दोघींनी रात्री गणना आणि यहोशवा काढून तिन्ही प्रसंग वाचले, मग १९२५ चा कायदा वाचला. दुसऱ्या दिवशी ती भावाला म्हणाली, "माहेर पण हवंय आणि वावर पण." तिने सही केलेली नाही. वाटणी अडली आहे. नाताळला तिला घरचे बोलावणे आले नाही, आणि मलाही नाही. किंमत मोजावी लागते, हे मी लपवत नाही.

पाळकांना आणि मंडळीच्या पुढाऱ्यांना माझी एकच मागणी आहे. येत्या स्त्रियांच्या सभेत ही पाच नावे व्यासपीठावरून मोठ्याने वाचा. आणि वाचताना समोर बसलेल्या भावांकडे पाहा.