झेंडा कुणाच्या हाती?

ऑलिंपिक खेळांच्या उद्घाटनाला सर्व देशांचे खेळाडू ओळीने मैदानात येतात. प्रत्येक देशाच्या पुढे झेंडा असतो. तो धरण्याचा मान कुणाला मिळाला, एवढे पाहिले तरी त्या देशाचे दिवस कसे होते ते कळते, असे मला वाटते.

इंग्रजी अमलात आपल्या खेळाडूंना राज्यकर्त्यांनी ठरविलेलाच झेंडा धरावा लागे. १९३६ साली बर्लिनला तो हॉकीचे कप्तान ध्यानचंद यांनी धरला. पुढे १५ ऑगस्टला जर्मनीशी अंतिम सामना होता. सरावाच्या सामन्यात जर्मनांनी आपल्याला ४-१ असे हरविले होते, त्यामुळे सर्वांच्या मनात धाकधूक होती. तेव्हा संघाबरोबर गेलेले पंकज गुप्ता यांनी कपडे बदलण्याच्या खोलीत काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला. खेळाडूंनी त्याला वंदन केले आणि मैदानात उतरून ८-१ असा विजय मिळविला. मिरवायचा झेंडा एक आणि मनातला दुसरा! बरोबर अकरा वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानावर स्वतंत्र भारताचा तिरंगा ऑलिंपिकमध्ये प्रथम आला. तो धरला होता फुटबॉलचे कप्तान, नागा तरुण तालिमेरेन आओ यांनी. ते पुढे डॉक्टर झाले. १२ ऑगस्टला त्याच वेंब्लीवर आपल्या हॉकी संघाने इंग्रजांना ४-० असे हरविले.

आणि आपण बायका? १९५२ साली हेलसिंकीला आपल्या मुली गेल्या. त्यांत मुंबईची धावपटू मेरी डिसूझा होती. पण झेंडा स्त्रीच्या हाती यायला १९९२ साल उजाडले. बार्सिलोनाला केरळच्या शायनी विल्सन यांनी तो धरला. २००४ साली अथेन्सला अंजू बॉबी जॉर्ज यांना हा मान मिळाला. २०२१ साली टोकियोला एक स्त्री व एक पुरुष अशी जोडी पुढे चालली. मनप्रीत सिंग यांच्यासह झेंडा धरणाऱ्या मेरी कोम मुलाबाळांच्या आई होत्या. २०२४ साली पॅरिसला पी. व्ही. सिंधू आणि शरत कमल होते.

वेंब्लीपासून बार्सिलोनापर्यंत चव्वेचाळीस वर्षे गेली. भगिनींनो, झेंडा काही जड नव्हता. मुलीला मैदानापर्यंत जाऊ देणेच आपल्याला जड गेले. म्हणून घरातली मुलगी संध्याकाळी खेळायला निघाली, तर भांड्यांसाठी तिला मागे बोलावू नका. ती कामे आपण सगळी मिळून करू.