अंगण गेले तेव्हा : पनवेल परिसरात पिल्लाला लावल्या जाणाऱ्या सवयीचा इतिहास

कुत्र्याच्या पिल्लाने घरात कोठेही घाण करू नये, ठरलेल्या जागी किंवा ठरलेल्या वेळी बाहेर नेल्यावरच मलमूत्र विसर्जन करावे यासाठी त्याला लावली जाणारी सवय, जिला घरोघरी सरळ ‘शी-शूची सवय’ म्हणतात, ही पनवेल परिसरात अलीकडची, सदनिकांबरोबर आलेली प्रथा आहे. कुत्रा या परिसराला नवा नाही, आणि माणसाने त्याला पाळणेही नवे नाही. नवे आहे ते त्याचे उंबरठ्याच्या आतले वास्तव्य. त्यामुळे या सवयीचा इतिहास कुत्र्याच्या स्वभावात शोधण्यापेक्षा घराच्या रचनेत, सोवळ्याओवळ्याच्या कल्पनांत आणि घरातील घाण कोणी काढायची या जुन्या, अवघड प्रश्नात शोधणे अधिक योग्य ठरते.

पनवेल हे खाडीकाठचे बंदर आणि घाटाकडे जाणाऱ्या वाटेवरचे पेठेचे गाव. मुंबईहून होडीने आलेला माणूस व माल येथे उतरून बोरघाटाने पुण्याकडे जात असे. घाटावरचे गाडीवान येथे बनलेली गाडीची चाके विकत घेऊन वर नेऊन विकत, आणि लमाण तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणून मीठ घेऊन परतत. या वाहतुकीत कुत्रा होताच. गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला गाडी आपणच ओढतो असे वाटते, ही म्हण ज्या दृश्यातून आली ते दृश्य चाकांच्या या गावाला रोजचे असले पाहिजे. तांड्याबरोबरच्या सडपातळ, लांब पायांच्या कुत्र्यांनाच पुढे कारवान या नावाने ओळखले गेले, आणि त्याच घराण्यातील कुत्र्यांची पैदास मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासल्यामुळे मुधोळ हे दुसरे नाव त्यांना मिळाले. ही सर्व कुत्री वाटेवरची, राखणीची किंवा शिकारीची होती. त्यांना छप्पर असलेच तर ते गाडीचे होते.

गावातील कुत्र्याची स्थितीही फार निराळी नव्हती. आगरी आणि कोळी वस्तीत घरापुढे अंगण, बाजूला पडवी, मागे परसदार आणि पलीकडे भातखाचरे किंवा खारजमीन, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेली जमीन, अशी मोकळी जागा पायरीपायरीने पसरत जाई. कुत्री व्यायची ती गोठ्याच्या कोपऱ्यात किंवा पेंढ्याच्या उडवीखाली, पिल्ले वाढायची ती अंगणात, आणि सुगीत कुत्र्याची रात्र खळ्यावर भाताच्या भाऱ्यांजवळ जाई. पेठेतील वाड्यांत ओसरीपर्यंत त्याला मुभा असली तरी माजघर आणि स्वयंपाकघर त्याच्यासाठी बंद होते, कारण सोवळे, म्हणजे पूजा व स्वयंपाक करताना पाळायची धार्मिक शुद्धता, त्याच्या स्पर्शाने मोडते असे मानले जाई. या निषेधात तिरस्कारच होता असे नव्हे. वैश्वदेव या नित्यविधीत गाय आणि कावळ्याबरोबर कुत्र्यासाठीही अन्नाचा वाटा काढून ठेवण्याची रीत होती, दत्ताच्या चित्रात त्याच्या पायांशी चार कुत्री असतात, खंडोबाबरोबरही कुत्रा असतो. त्याला घास द्यायचा, मान द्यायचा, पण दाराबाहेर, अशी ही व्यवस्था होती.

अशा घराने पिल्लाला स्वच्छतेचे काही शिकवले नाही, कारण ते त्याची आई आणि अंगण मिळून शिकवीत होते. जन्मानंतर सुमारे तीन आठवडे पिल्लू स्वतःहून विसर्जन करू शकत नाही. आई त्याचे पोट व मागचा भाग चाटते तेव्हा ते होते, आणि झालेले ती स्वतःच चाटून साफ करते. डोळे उघडून पाय टेकू लागले की पिल्लू झोपण्याची जागा सोडून थोडे दूर जाऊ लागते, आणि आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास ते ठरावीक जागी, ठरावीक प्रकारच्या जमिनीवरच जाऊ लागते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या वर्तनावरील आपल्या १९६५ च्या ग्रंथात या वाढीचे टप्पे नोंदवले. उडवीखालून निघून परसातल्या मातीकडे जाणारे पनवेलचे पिल्लू या वयात पायाखाली मातीच अनुभवत होते, म्हणून मोठेपणी मातीच शोधत होते. शेणाने सारवलेल्या ओसरीवर क्वचित काही झालेच तर तेवढा भाग खरवडून पुन्हा सारवला की काम भागत असे.

दरबारी परंपरेतही श्वानशिक्षणाचा अर्थ वेगळाच होता. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या मानसोल्लास या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये सारमेयविनोद, म्हणजे कुत्र्यांसह करायच्या शिकारीचा विनोद, वर्णिलेला आहे. तेथे कुत्र्याची जात, वेग आणि धैर्य यांचा विचार आहे. साताऱ्याच्या शाहू महाराजांना वाघापासून वाचवल्याची कथा ज्याच्याविषयी सांगितली जाते त्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आजही दाखवली जाते. खंड्यासारख्या कुत्र्याचा मान पालखीपर्यंत पोचला तरी त्याची नित्याची निगा चाकरांच्या हाती होती, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

हीच वाटणी इंग्रजांच्या बंगल्यांत अधिक उघड झाली. पनवेलच्या शेजारचे माथेरान १८५० मध्ये ह्यू मॅलेट या अधिकाऱ्याच्या नजरेस पडल्यानंतर तेथे साहेबांची उन्हाळी वस्ती वाढली. साहेबी घरांतली कुत्री खोल्यांत वावरत असली तरी त्यांना दोरी बांधून फिरवणारा, न्हाऊ घालणारा, खाऊ घालणारा स्वतंत्र नोकर ठेवण्याची पद्धत हिंदुस्थानात रूढ होती, आणि अशा नोकराला डोरिया म्हणत. कुत्रा घरात आला, परंतु त्याच्यामागे पोछा घेऊन फिरण्याची वेळ मालकावर आली नाही.

येथे माणसांच्या घाणीचा इतिहास बाजूला ठेवता येत नाही. पनवेलची नगरपालिका १८५२ मधील, महाराष्ट्रातील अगदी जुन्या नगरपालिकांपैकी एक. त्या काळच्या गावांत वाड्याच्या मागच्या बाजूला टोपलीचे संडास असत आणि मैला उचलून नेण्याचे काम ठरावीक जातींच्या स्त्री-पुरुषांवर पिढ्यान्‌पिढ्या लादलेले होते. त्यांनी मागल्या दाराने यावे आणि मागल्या दाराने जावे, असा दंडक होता. कोकणात या अन्यायाविरुद्ध सर्वांत चिकाटीने काम केले ते आप्पासाहेब पटवर्धन यांनी. त्यांनी स्वतः मैला उचलला, १९४८ मध्ये कणकवलीला गोपुरी आश्रम उभारला आणि मैल्याचे खत करणाऱ्या संडासाचा नमुना तेथे रुजवला. हाताने मैला उचलायला लावण्याच्या प्रथेविरुद्ध देशव्यापी कायदे झाले ते त्यानंतर बऱ्याच काळाने, १९९३ आणि २०१३ मध्ये. ज्या समाजात स्वतःच्या घरातील घाण स्वतः उचलणे कमीपणाचे मानले गेले, त्या समाजात पिल्लाची घाण कोण पुसणार हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही.

प्रथेला खरी कलाटणी मिळाली ती जमिनीमुळे. सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवण्यासाठी काढलेल्या सरकारी कंपनीची, स्थापना १९७० मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांची जमीन या नव्या शहरासाठी संपादनाखाली आली. १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या शेतकरी आंदोलनावर गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा वाद भावाचा आणि हक्काचा होता; पण त्याच जमिनीबरोबर खळी, उडव्या, बांध आणि परसही गेले, आणि कुत्र्याला विचारल्याशिवाय त्याचेही गाव संपले. कळंबोली, नवीन पनवेल, कामोठे, खारघर येथे आधी सिडकोची छोटी घरे आणि पाठोपाठ बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. १९९८ मध्ये हार्बर मार्गाची लोकल पनवेलला पोचल्यावर मुंबईत नोकरी आणि पनवेलला घर हे गणित अनेक कुटुंबांना जमू लागले. या घरांत ओसरी नाही, परस नाही. दार उघडले की जिना किंवा लिफ्ट. सोवळ्याचा काच सैल झाला, घरातली माणसे मोजकी उरली, मुले कुत्रा हवा म्हणू लागली, आणि २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे चालणारा पग घरोघरी दिसल्यावर पगची मागणी देशभर वाढली. उंबरठा ओलांडून पिल्लू कायमचे आत आले ते या टप्प्यावर.

आत आलेल्या पिल्लाची अडचण अशी की ज्या वयात पायाखालच्या जमिनीची ओळख पक्की होते त्याच वयात त्याला गुळगुळीत फरशी मिळते. कुत्र्याच्या पैदास व विक्रीसाठी २०१७ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही, म्हणजे कायद्याने घरी येणारे पिल्लू नेमके या वयाचे असते. ते फरशी सोडून पायपुसण्यावर, पलंगाखालच्या चटईवर किंवा दारामागे पडलेल्या कपड्यावर बसते, तेव्हा घरच्यांना तो खोडसाळपणा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या पायांना ओलावा शोषणारी, मातीसारखी मऊ जागा तेवढीच सापडलेली असते. आधी जमिनीला नाक लावून हुंगणे, मग एकाच ठिकाणी दोन-तीन वेळा गोल फिरणे, आणि अचानक खेळ थांबवून कोपरा गाठणे, ही चिन्हे ज्याने ओळखली त्याला पिल्लू उचलून योग्य जागी नेण्यास पुरेसा वेळ मिळतो. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यानंतर थोड्या वेळाने आणि खेळून झाल्यावर त्याला नेलेच पाहिजे. महिन्यांत जेवढे वय तेवढे तास, फार तर त्यात आणखी एक, यापलीकडे ते धरून ठेवू शकत नाही, हा पशुवैद्य सांगतात तो ढोबळ हिशेब आहे, आणि दिवसभर बंद घरात ठेवलेल्या पिल्लाबाबत तो पाळला जात नाही म्हणूनच सवय रखडते.

शहरी महाराष्ट्रात यासाठी पहिले साधन ठरले ते घरातली रद्दी. बाल्कनीत किंवा न्हाणीघराच्या दाराशी वर्तमानपत्राच्या घड्या पसरायच्या, ओला कागद काढताना खालचा किंचित वास लागलेला कागद नव्या थरावर ठेवायचा म्हणजे पिल्लू वासाने तीच जागा शोधते, आणि हळूहळू कागदाचे क्षेत्र लहान करत न्यायचे, ही रीत मूत्र शोषणारे तयार पॅड विकत मिळू लागण्याच्या आधीची आहे आणि आजही सर्वांत स्वस्त आहे. तिची गरज एका रोगाने पक्की केली. पार्व्हो या विषाणूचा कुत्र्यांमधील प्रादुर्भाव १९७८ मध्ये प्रथम ओळखला गेला आणि अल्पावधीत तो जगभर पसरला. रक्ती हगवणीने लहान पिल्ले दोन-तीन दिवसांत दगावतात, आणि विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. लसींचा क्रम साधारण चार महिन्यांच्या वयापर्यंत चालत असल्याने तोवर पिल्लाला इमारतीखालच्या मातीत उतरवू नये असा सल्ला दिला जातो. ज्या मातीने पनवेलच्या पिल्लांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवले तीच आता शिकण्याच्या वयात त्यांच्यासाठी धोक्याची झाली आहे. त्यात कोकणचा पावसाळा आला की प्रश्न दुहेरी होतो : जूनमध्ये घरी आलेल्या पिल्लाला चार महिने पाण्याने भरलेल्या आवारात नेणे अवघड, आणि साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे बाधित प्राण्यांच्या मूत्रातून पसरणारा ताप, माणूस आणि कुत्रा दोघांनाही होऊ शकतो. २००५ च्या जुलैमधील महापुरानंतर मुंबईत या तापाची साथ आली होती, हे या भागाच्या स्मरणात आहे.

चुकलेल्या पिल्लाचे नाक त्याच्याच घाणीत घासण्याची किंवा त्याला वर्तमानपत्राच्या गुंडाळीने मारण्याची शिकवण अनेक घरांत अजून ऐकू येते, आणि ती सोडली पाहिजे. काही मिनिटांपूर्वीच्या कृतीचा आणि आताच्या माराचा संबंध पिल्लाला लागत नाही. त्याला एवढेच कळते की माणसासमोर बसणे धोक्याचे आहे, आणि मग ते सोफ्यामागे लपून बसते. जागेवर गेल्यावर त्याच क्षणी दिलेली शाबासकी आणि खाऊचा तुकडा हे मारापेक्षा कितीतरी लवकर काम करतात. घाण पुसताना अमोनियाचा वास असलेले द्रव टाळावे, कारण मूत्रातही तोच वास असतो आणि पिल्लू पुन्हा तेथेच येते, हेही आता पशुवैद्य आवर्जून सांगतात.

पिल्लू मोठे होऊन खाली जाऊ लागते तेव्हा प्रश्न घराचा न राहता सोसायटीचा होतो. पनवेल महापालिका २०१६ मध्ये अस्तित्वात आली आणि तिला लागू झालेल्या १९४९ च्या महापालिका अधिनियमात कुत्र्यांवर कर बसवण्याची तरतूद पहिल्यापासून आहे. म्हणजे कायद्याने पाळीव कुत्र्याची दखल फार पूर्वी घेतली होती, ती कराच्या रूपाने. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत सोसायट्यांना पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही असे स्पष्ट केले आणि त्याचबरोबर मालकांनी कुत्र्यामागची घाण साफ करावी असा सल्ला दिला. खारघर-कामोठ्याच्या पदपथांवर सकाळी पिशवी आणि जुना कागद हाती घेऊन कुत्र्यामागे चालणारी माणसे दिसतात, त्यांत ज्यांच्या आजोबांच्या वाड्यात मागल्या दाराने दुसऱ्या कोणाला बोलावले जात होते अशा घरांतलीही माणसे असतील. स्वतःच्या हाताने कुत्र्याची घाण उचलणे हा त्यांच्या घराण्यातला मोठा बदल आहे आणि त्याची किंमत कमी लेखू नये.

परंतु बदल पुरा झालेला नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, तरी झाडू, फरशी, भांडी यांचा भाव आजही दारात तोंडी ठरतो, आणि पिल्लू घरी आल्यावर वाढलेले काम त्या बोलीत नव्याने धरले गेले नाही तर ते गुपचूप फरशीच्या कामात मिसळते. दोघेही नोकरदार असलेल्या घरात सकाळी ओला झालेला कागद दुपारी येणाऱ्या मावशी उचलतात, त्यासाठी त्यांना विचारलेले नसते आणि वेगळे पैसेही दिलेले नसतात. आणि त्या रोज वेगळ्या वेळी, वेगळ्या पद्धतीने जागा पुसत असल्याने पिल्लाची सवयही लागत नाही.