पेशींचा भाव

औषध आधी स्वस्त झालं, मोजणी नंतर. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी जाहीर केलं, की एचआयव्हीवरची तीन औषधं मिळून एका रुग्णाला वर्षाला ३५० डॉलरमध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला देऊ. म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी. तोवर वर्षाचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलर होता. ती बातमी जगभर गाजली आणि गाजायलाच हवी होती. पण गोळ्या कुणाला आज सुरू करायच्या आणि कुणाला अजून थांबवायचं, हे ठरवायला त्या काळी एक आकडा लागायचा. तो आकडा काढायचा खर्च कमी कसा झाला, ही गोष्ट मात्र कुठे छापून आलेली मी पाहिली नाही. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या सीडी-फोर लॅबमध्ये मी तंत्रज्ञ होते, म्हणून सांगते.

रुग्ण त्या आकड्याला ‘पेशी’ म्हणत. “मॅडम, पेशी किती आल्या?” रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सीडी-फोर जातीच्या लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, किती, हे ते मोजमाप. निरोगी माणसात साधारण ५०० ते १५००. एचआयव्ही नेमका याच पेशींत शिरतो आणि वर्षानुवर्षं त्या संपवत जातो. आकडा २००च्या खाली गेला की न्यूमोसिस्टिस न्यूमोनियासारखे, धडधाकट माणसाला सहसा न होणारे आजार गाठतात. म्हणून १९९३ पासून अमेरिकेच्या व्याख्येत २००च्या खाली म्हणजे एड्स, मग बाकी काही लक्षण असो नसो. आमच्याकडे सुरुवातीला मोफत गोळ्यांचा उंबरठाही २००च. अक्षरओळख नसलेल्या बायकाही मागचे तीन आकडे तोंडपाठ सांगत आणि उपचारांच्या नोंदींचं हिरवं पुस्तक पुढे करत, आताचा लिहून घ्यायला.

ही पेशी डोळ्यांनी ओळखता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या लिम्फोसाइट सारख्याच दिसतात, गोल आणि गच्च केंद्रकाच्या. १९७०च्या दशकात टी-पेशी, म्हणजे सीडी-फोर ज्यांत येतात त्या लिम्फोसाइट, मोजायला मेंढीचं रक्त वापरत. मेंढीच्या तांबड्या पेशी टी-पेशीला चिकटून फुलासारखा गुच्छ होतो आणि ते गुच्छ मोजायचे. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हे काम केलं होतं. दिवसाकाठी फार नमुने व्हायचे नाहीत आणि संध्याकाळी डोळे दुखायचे, एवढंच ते सांगत. त्यातही टी-पेशींचा प्रकार कळत नसे. ते जमलं मोनोक्लोनल अँटिबॉडीमुळे. १९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची अँटिबॉडी, म्हणजे पेशीवरच्या एकाच खुणेला चिकटणारं प्रथिन, हवी तेवढी बनवण्याची रीत काढली आणि दशक संपेपर्यंत मदतनीस टी-पेशी, म्हणजेच सीडी-फोर, वेगळी ओळखणारी अँटिबॉडी बाजारात आली.

वेळ कशी जुळली पाहा. लॉस एंजेलिसच्या मायकेल गॉटलीब यांनी पाच तरुणांच्या त्या विचित्र न्यूमोनियाची नोंद केली. ती ५ जून १९८१ रोजी छापली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी लिहिलं, की या रुग्णांच्या रक्तात मदतनीस टी-पेशी जवळजवळ उरलेल्याच नाहीत. विषाणू अजून कुणी पाहिला नव्हता, आजाराला नाव नव्हतं, पण पेशी मोजून झाल्या होत्या. हाच आजार दहा वर्षं आधी उघडकीला आला असता, तर नेमकं काय कमी झालंय हे डॉक्टरांना सांगता आलं नसतं.

अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडता येतो. रंगवलेल्या पेशी बारीक धारेतून एकामागून एक लेझरपुढून न्यायच्या, प्रत्येक पेशी चमकली की नोंद करायची. याला फ्लो सायटोमेट्री म्हणतात. या यंत्राचं मूळ तीन ठिकाणी आहे. अणुबाँबसाठी प्रसिद्ध असलेल्या लॉस अलामॉसला मॅक फुलवायलर यांनी १९६५ मध्ये पेशी वेगळ्या करणारं यंत्र दाखवलं. त्यात शाईचे थेंब उडवणाऱ्या छपाईयंत्राची युक्ती होती. जर्मनीत म्युन्स्टरच्या वोल्फगांग गोहडे यांनी १९६८ मध्ये चमक मोजणारं यंत्र केलं. आणि स्टॅनफर्डच्या लिओनार्ड हर्झेनबर्ग यांनी यातूनच नामांकित ‘फॅक्स’ यंत्र उभं केलं, ज्यासाठी पुढे २००६ मध्ये त्यांना क्योटो पुरस्कार मिळाला. हर्झेनबर्ग यांना सूक्ष्मदर्शकातून चमकत्या पेशी बघत बसण्याचा कंटाळा आला होता म्हणतात. मला यावर सहज विश्वास बसतो.

अडचण अशी की ही यंत्रं संशोधकांची होती. पाण्याने थंड ठेवायचे मोठे लेझर, चालवायला खास माणूस, आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायची तयारी. एड्सच्या साथीत हीच यंत्रं रुग्णालयात आली, तेव्हा संशोधनाचा थाट बरोबर घेऊन आली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एका रुग्णाच्या रक्तासाठी सहा ट्यूब लागत. एक नुसत्या कंट्रोलची, एक लिम्फोसाइटचा घोळका शुद्ध आहे का बघायला, मग सीडी-फोर, सीडी-एट, बी-पेशी, एनके-पेशी. प्रत्येक ट्यूबमध्ये दोन अँटिबॉडी, आणि अँटिबॉडी म्हणजेच पैसा. एवढं करून हाती येई ती फक्त टक्केवारी. खरा आकडा काढायला दुसऱ्या, नेहमीच्या रक्ततपासणीच्या यंत्रावरून एकूण पांढऱ्या पेशी आणि त्यांतलं लिम्फोसाइटचं प्रमाण घ्यायचं, आणि तिन्हींचा गुणाकार करायचा. तीन ठिकाणच्या चुकांचाही गुणाकार होतो, हे वेगळं सांगायला नको. रक्त दिवसभर जुनं झालं की लिम्फोसाइटचं प्रमाण काढणारं यंत्र गोंधळतं, आणि खेड्यातून आलेलं रक्त जुनंच असतं.

श्रीमंत देशांत हे खपून गेलं. आफ्रिकेत आणि आपल्याकडे खपणं शक्य नव्हतं. आमच्या भागात तेव्हा खाजगी लॅबमध्ये सीडी-फोरला हजारावर रुपये पडत. सहा महिन्यांनी पुन्हा तेवढेच. लोक एकदा करत आणि तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर्षानुवर्षं दाखवत.

मी चालवलेलं यंत्र होतं फॅक्सकाउंट, १९९०च्या दशकातलं. संशोधनाचं यंत्र सोलून त्यात एकच काम ठेवलेलं. रिएजंटच्या ट्यूब जोडीने तयार येत, एक सीडी-फोरची, एक सीडी-एटची. टोपण टोचायचं, जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं रक्त मोजून ५० मायक्रोलिटर घालायचं, व्होर्टेक्सवर हलवायचं, तासभर अंधारात ठेवायचं, फिक्सेटिव्ह घालायचं, यंत्रात ठेवायचं. आकडा बारीक कागदावर छापून बाहेर. टक्केवारी नाही, गुणाकार नाही. कारण प्रत्येक ट्यूबमध्ये ठरावीक संख्येचे चमकणारे सूक्ष्म मणी आधीच घातलेले असत. ज्वारीच्या राशीत मोजून शंभर चिंचोके मिसळावेत आणि पसाभर काढून बघावं, दहा चिंचोक्यांमागे दाणे किती, की राशीचा अंदाज येतो, तसंच. फक्त यात सगळी भिस्त पिपेटवर. रक्त ५०च्या जागी ४५ गेलं तर रुग्णाच्या दहा टक्के पेशी माझ्या हाताने गायब. म्हणून उलट पिपेटिंग, म्हणजे जास्त ओढायचं आणि मोजकंच सोडायचं. नव्या मुलांना मी पहिला आठवडाभर दुसरं काहीच करू देत नसे.

दुसरी गोष्ट बर्फाची. जिल्ह्यातल्या इतर केंद्रांवरून ठरलेल्या वारी थर्माकोलच्या डब्यात रक्त येई. रक्त म्हटलं की बर्फ, हे आरोग्य खात्यात इतकं मुरलेलं आहे की कुणीतरी काळजीपोटी बर्फाची पिशवी टाकतंच. सीडी-फोरचं रक्त गार करायचं नसतं, खोलीच्या तापमानालाच ठेवायचं. गारठलेल्या ट्यूब परत पाठवताना मला वाईट वाटे, कारण त्यामागे कुणीतरी पुन्हा एसटीचं भाडं भरणार असे.

मणी महाग होते. तयार ट्यूब महाग होत्या. यंत्र ज्या कंपनीचं, रिएजंट त्याच कंपनीचे, हा तर या धंद्याचा सर्वत्र नियमच. म्हणून खरी स्वस्ताई दुसऱ्या वाटेने आली, आणि ती वाट काढणाऱ्यांबद्दल मला जास्त आदर आहे. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातले मूळचे हंगेरीचे जॉर्ज यानोशी, आणि जोहान्सबर्गच्या डेबोरा ग्लेनक्रॉस. २००२ मध्ये दोघांकडून आलेलं काम मुळात एकाच प्रश्नावर होतं: यातलं काय नको?

ग्लेनक्रॉस यांचं उत्तर असं. लिम्फोसाइटच्या प्रमाणात सीडी-फोर काढूच नका. सगळ्या पांढऱ्या पेशींवर सीडी-४५ ही खूण असते, ती रंगवा आणि एकूण पांढऱ्या पेशींमध्ये सीडी-फोर किती हे काढा. मग रक्ततपासणीच्या यंत्राकडून फक्त एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा लागतो, जो रक्त काही दिवस जुनं असलं तरी टिकतो. सहा ट्यूबची झाली एक, बारा अँटिबॉडींच्या झाल्या दोन. पद्धतीला पॅनल्युकोगेटिंग असं नाव मिळालं, आणि दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळा सेवेने ती देशभर उचलली. हा देश जगात सर्वांत जास्त एचआयव्हीबाधितांचा, आणि २००४ मध्ये तिथे सरकारी गोळ्या सुरू झाल्या तेव्हा मोजणीची ही रीत तयार होती.

यानोशी यांनी आणखी एक पायरी वगळली. सीडी-फोरच्या जोडीला सगळ्या टी-पेशींना चिकटणारी सीडी-थ्री ही अँटिबॉडी कशासाठी घालतात? सीडी-फोर ही खूण थोडीफार मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींवरही असते, त्या गळाव्यात म्हणून. पण मोनोसाइट फिकट चमकतात आणि प्रकाश जास्त विखुरतात. आलेखात त्यांचा पुंजका आपोआप वेगळा पडतो. मग त्या ओळखायला वेगळी अँटिबॉडी विकत घ्यायची गरज काय? त्यांनी मण्यांनाही रजा दिली. ठरावीक घनफळाचं रक्तच यंत्रातून न्यायचं, आत आलेल्या पेशी मोजायच्या. हे करणारं यंत्र म्युन्स्टरच्या त्याच गोहडे यांच्या पार्टेक कंपनीकडे होतं. ट्यूबमध्ये वेगवेगळ्या उंचीवर दोन इलेक्ट्रोड असत. द्रवाची पातळी वरच्या इलेक्ट्रोडखाली गेली की मोजणी सुरू, खालच्याखाली गेली की बंद. मधलं घनफळ ठाऊक, म्हणजे हिशोब संपला. छोटा हिरवा लेझर, गरज पडली तर गाडीच्या बॅटरीवरही चालणारं. १९६८ मध्ये चमक मोजणारं यंत्र करणारा माणूस पस्तीस वर्षांनी तेच यंत्र सोपं करत बसला, हे मला फार आवडतं. नवं शोधून नाव झालेली माणसं सहसा मागे वळून जुनं सोपं करत नाहीत.

आपल्याकडे १ एप्रिल २००४ रोजी आठ सरकारी रुग्णालयांत मोफत गोळ्या सुरू झाल्या, त्यांत मुंबईचं जे. जे. होतं. मग केंद्रं वाढत गेली, आणि केंद्रामागे मोजणी आली. पुण्याच्या भोसरीतली नारी, म्हणजे १९९२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, आमच्यासारख्या लॅबना पारखायला नमुने पाठवी. आकडा तिथेही जुळला पाहिजे. ते पाकीट आलं की लॅबमध्ये परीक्षेचं वातावरण. स्वस्त आकडा आणि भरवशाचा आकडा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या नाहीत, हे भान आम्हाला त्या पाकिटांनी दिलं.

याच सुमारास एक खोचक प्रश्न आला. युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांवर केलेल्या ‘डार्ट’ या अभ्यासात अर्ध्यांवर सीडी-फोरसह नियमित तपासण्यांनी नजर ठेवली, अर्ध्यांना नुसतं डॉक्टरांनी तपासलं. पाच वर्षांनी पहिल्या गटात ९० टक्के जिवंत, दुसऱ्या गटात ८७. फरक होता, पण छोटा. तपासणी परवडत नाही म्हणून गोळ्या अडवू नका, असा त्याचा अर्थ. मला तो पटला, जरी माझीच खोली त्यामुळे कमी महत्त्वाची ठरत होती. पुढे उंबरठा २००वरून ३५०, मग ५०० झाला, २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो काढूनच टाकला आणि २०१७ मध्ये भारतानेही. बाधित आहे म्हटलं की गोळ्या सुरू. औषध लागू पडतंय का हे आता विषाणूंची संख्या मोजून बघतात, पेशींची नाही.

म्हणून मोजणी संपली असं मात्र नाही. आजही खूप उशिरा येणारे लोक आहेत आणि त्यांना पहिल्या दिवशीच क्रिप्टोकोकससारख्या बुरशीसाठी तपासावं लागतं. ते कुणाला, हे अजून २००च ठरवतो. मेलबर्नच्या बर्नेट इन्स्टिट्यूटमध्ये यासाठी गरोदरपणाच्या चाचणीसारखी पट्टी तयार झाली. बोटाचं रक्त, यंत्र नाही, वीज नाही, चाळीस मिनिटं. ती पेशी मोजत नाहीच, पेशींवरचं सीडी-फोर प्रथिन किती याचा अंदाज घेते, आणि आकडा देत नाही. एक रेघ २००ची, शेजारी रुग्णाची, कुठली गडद ते बघायचं. वगळत वगळत इथवर आलो. १९० आणि २१० यांत ही पट्टी दोन तंत्रज्ञांना दोन उत्तरं देईल, याबद्दल मला शंका नाही. पण ज्याच्या पेशी ४० आहेत त्याची रेघ दिसणारसुद्धा नाही, आणि त्या दिवशी धावपळ करायची ती त्याच्यासाठीच.