पिंगपाँगचें टेबल: दिवाणखान्यांतून ओसरीवर

गोरेगांव हें गोंदिया जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. १९९९ सालीं नवा जिल्हा होईपर्यंत तें भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. भोंवतालीं धानाच्या बांध्या, एका अंगास नागझिऱ्याचें अरण्य, आणि जवळच हिरडामाली हें रेल्वेचें लहानसें स्थानक. अशा गांवांतील एखाद्या मुलानें किंवा मुलीनें शाळेंत अथवा गोंदियास पिंगपाँगचा खेळ पाहिला आणि आपल्या घरीं टेबल हवें असा हट्ट धरला, तर वडील माणसांपुढें दोन प्रश्न उभे राहतात. खर्च किती, आणि तें ठेवावयाचें कोठें? प्रश्न अगदीं घरगुती आहेत. परंतु त्यांचीं उत्तरें शोधूं गेल्यास या टेबलाच्या सवाशे वर्षांच्या इतिहासांत शिरावें लागतें. कारण हें टेबल क्रीडागृहासाठीं जन्मास आलेलेंच नाहीं. मुळांत तें जेवणाचें टेबल होतें.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत लॉन टेनिसचा खेळ भरास आला होता. परंतु तेथील पाऊस आणि हिंवाळा हिरवळीवर पाऊल ठेवूं देईना; तेव्हां जेवण आटोपल्यावर त्याच टेबलावर टेनिसची लहानशी नक्कल करण्याची टूम निघाली. पुस्तकांची रांग ही जाळी, सिगारच्या पेटीचें झांकण ही बॅट आणि बाटलीचें बूच हा चेंडू, अशी हकीकत परंपरेनें सांगितली जाते. १८९० सालीं डेव्हिड फॉस्टर नांवाच्या इंग्रजानें अशा खेळाच्या एका संचाचें पेटंट घेतलें. पुढच्याच वर्षीं लंडनच्या जॅक्स कंपनीनें 'गॉसिमा' या नांवाचा आपला संच विक्रीस काढला. या दोहोंनाही फारसें यश आलें नाहीं. चेंडूच धड नव्हता, हें त्याचें मोठें कारण. रबराचा चेंडू भलतीकडे उसळे आणि बुचाचा चेंडू मुळीं उसळतच नसे. सुमारें १९०० सालीं जेम्स गिब या गृहस्थानें अमेरिकेंतून सेल्युलॉइडचे पोकळ चेंडू आणले आणि खेळाचा कायापालट झाला. चामड्यानें मढविलेल्या पोकळ बॅटीवर तो चेंडू आदळला म्हणजे एक नाद होई आणि टेबलावर पडला म्हणजे दुसरा. 'पिंगपाँग' हें नांव त्या नादावरून आलें, आणि जॅक्स कंपनीनें तें व्यापारी हक्कानें आपलेंसें करून घेतलें.

त्या काळच्या संचाच्या पेटींत बॅटी, चेंडू, जाळी आणि जाळी टेबलास अडकविण्याचे चिमटे एवढेंच सामान असे. टेबल ज्याचें त्यानें आपल्या घरचें वापरावयाचें. म्हणजे आज ज्या वस्तूच्या किंमतीमुळें गृहस्थ कपाळाला हात लावतो, ती विकत घेण्याची वस्तूच नव्हती. दिवाणखान्यांतील हा खेळ आई, मुलगी, सून आणि पाहुणे यांनीं मिळून खेळावयाचा होता. त्याला वेगळा पोशाख नको, वेगळें मैदान नको. १९०१ व १९०२ या दोन वर्षांत त्याची साथच पसरली, आणि साथ ओसरावी तसा तो थोड्याच काळांत ओसरलाही.

पुढें १९२१-२२ च्या सुमारास खेळाचें पुनरुज्जीवन झालें, तेव्हां मात्र त्याचें रूप पालटलें. 'पिंगपाँग' हें नांव एका कंपनीच्या मालकीचें असल्यानें संघटनेनें 'टेबल टेनिस' हें नांव पत्करलें. १९२६ सालीं आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. त्याचे पहिले अध्यक्ष आयव्हर माँटेग्यू यांचें वय त्या वेळीं अवघें बावीस वर्षांचें होतें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत लंडनला पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि तींत भारताचाही संघ उतरला होता. स्त्रियांचा पहिला मान हंगेरीच्या मारिया मेडन्यान्स्की हिनें मिळविला. स्पर्धा म्हटली कीं मोजमाप आलें. नऊ फूट लांब, पांच फूट रुंद आणि अडीच फूट उंच, हें टेबलाचें माप कायमचें ठरून गेलें. जाळी मात्र पुढें खालीं आणावी लागली. कारण १९३६ सालीं प्रागच्या स्पर्धेंत बचावाचा खेळ इतका शिगेस पोंचला कीं एकाच गुणासाठीं दोन तासांहून अधिक वेळ लागला! पावणेसात इंचांची जाळी त्यानंतर सहा इंचांवर आली.

मोजमाप ठरलें आणि टेबल घराबाहेर पडलें. नऊ फूट बाय पांच फुटांचें टेबल मध्यम घरांत मावेना. हिंदुस्थानांत तें जिमखान्यांत, रेल्वेच्या इन्स्टिट्यूटांत आणि कॉलेजच्या कॉमन रूमांत जाऊन बसलें. खेळाची प्रतिष्ठा त्यामुळें वाढली हें खरें. परंतु ज्यांना जिमखान्याचें दार उघडें नव्हतें त्यांच्या वांट्यास तो येईनासा झाला, आणि अशांत लहान गांवांतील मुलीच बहुसंख्य होत्या. घरच्या टेबलाचा विचार करतांना ही गोष्ट खर्चाइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.

१९५२ च्या फेब्रुवारींत जागतिक स्पर्धा मुंबईस भरली. आशियांत ती भरण्याचा हा पहिलाच प्रसंग. तेथें जपानचा हिरोजी सातो हा स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. त्या बॅटीचा आवाजच होत नसे, त्यामुळें चेंडू केव्हां व किती जोरानें सुटला हें प्रतिस्पर्ध्यास कानांनीं कळेना. मोठमोठे युरोपीय खेळाडू गोंधळले आणि सातो जगज्जेता झाला. ज्या नादावरून खेळास नांव मिळालें, तो नाद अशा रीतीनें मुंबईंत लोपूं लागला. सामानाच्या बाबतींत त्याआधींच एक मोठी उलथापालथ झाली होती. फाळणीपूर्वीं खेळाच्या साहित्याचें माहेरघर सियालकोट हें होतें. १९४७ नंतर तेथील कित्येक कारखानदार व कारागीर जालंदर आणि मेरठ येथें येऊन वसले, आणि पुढें टेबलें, जाळ्या व बॅटी या शहरांतून देशभर जाऊं लागल्या.

आतां टेबल घ्यावयाचें तर पाहावयाचें काय? नियमांचें पुस्तक या बाबतींत चकित करणारें आहे. टेबल अमुक लांकडाचेंच हवें असें तें म्हणत नाहीं. पृष्ठभाग कोणत्याही पदार्थाचा चालेल. अट आहे ती उसळीची. तीस सेंटिमीटर उंचीवरून चेंडू सोडला असतां तो टेबलाच्या कोणत्याही भागावर सारखा, म्हणजे सुमारें तेवीस सेंटिमीटर, उसळला पाहिजे. चेंडू २००० सालीं अडतीस मिलिमीटरांचा चाळीस झाला आणि २०१४ पासून मोठ्या स्पर्धांत सेल्युलॉइड जाऊन प्लॅस्टिक आलें, तरी ही कसोटी टिकून आहे. आणि ती करण्यास शाळकरी मुलाची एक फूटपट्टी पुरे. दुकानांत पट्टी उभी धरावी, मध्यभागीं, कडांना, कोंपऱ्यांत आणि दोन भागांच्या सांध्याजवळ चेंडू सोडून पाहावा. एका जागीं तो टणटणीत उडाला आणि दुसऱ्या जागीं मेल्यासारखा बसला, तर रंग कितीही झगझगीत असो, तें टेबल घेऊं नये. चाकें, घडी आणि चकाकी यांवर पैसा घालण्यापूर्वीं तो फळीच्या जाडीवर घालावा. स्पर्धेच्या चांगल्या टेबलाची फळी बहुधा पंचवीस मिलिमीटर जाड असते. घरीं एकोणीस मिलिमीटर चालते. बारा मिलिमीटरची फळी स्वस्त पडते, पण ती लवकर झोल खाते आणि चेंडूचा जीव घेते. चकाकी तर मुळींच नको. नियमानेंही पृष्ठभाग गडद व निस्तेज असावा लागतो.

तयार टेबल आवांक्याबाहेर असेल तर गांवचा सुतार आहेच. मात्र येथें एक अडचण येते. प्लायवूडचा ताव आठ फूट बाय चार फुटांचा असतो, आणि टेबलाचा प्रत्येक अर्धा भाग पांच फूट बाय साडेचार फुटांचा. चार फुटांच्या तावांतून साडेचार फूट निघत नाहींत; अर्ध्या फुटाची पट्टी जोडावी लागते, आणि त्या सांध्यावर उसळी बिघडण्याचें भय असतें. लहान मुलांच्या घरीं एकच ताव मधोमध कापून आठ बाय चारचें टेबल करावें आणि जाळी बोटभर खालीं घ्यावी, हें अधिक शहाणपणाचें. ज्याला सामने खेळावयाचे आहेत त्यानें पूर्ण मापावरचा सराव शाळेंत करावा. सागवान या भागांत परिचयाचें आहे म्हणून वरची फळीही सागाची करण्याचा मोह होतो. परंतु अखंड फळ्या ऋतुमानानें फुगतात व आकसतात, त्यांचे सांधे उघडतात. साग पायांना व चौकटीला वापरावा, आणि चौकटीच्या आडव्या पट्ट्या जवळजवळ घालाव्यात.

खरा शत्रू पाऊस. भुशाच्या दाबलेल्या फळीचें टेबल कोरड्या शहरांत वर्षानुवर्षें टिकतें. गोरेगांवासारख्या दमट पावसाळ्याच्या गांवीं तीच फळी कडेनें पाणी पिऊन फुगते. म्हणून जलरोधक प्लायवूड घ्यावें, चारी कडा आणि खालची बाजूही रंगवावी. केवळ वरची बाजू रंगविली तर फळी वांकते, ही गोष्ट सुतारास आठवणीनें सांगावी लागते.

आंगण मोठें असल्यास आणखी एक वाट आहे. १९५९ सालीं रोंग ग्वोत्वान हा चीनचा पहिला जगज्जेता झाल्यावर तेथें हा खेळ शाळाशाळांतून पसरला, तो बऱ्याच अंशीं सिमेंटच्या व विटांच्या टेबलांवर; जाळीच्या जागीं विटांची रांगही चाले. सिमेंटच्या टेबलाला पावसाचें भय नाहीं आणि घडीची यातायात नाहीं. उसळी थोडी कडक येते आणि वारा सुटला कीं पावणेतीन ग्रॅमचा चेंडू भरकटतो, एवढाच त्याचा दोष. पोर्चुगीज अंगणाची ऐट नको. गवंड्यानें पृष्ठभाग पाणसळीवर बेतून गुळगुळीत घोटला म्हणजे झालें.

राहिला जागेचा प्रश्न. पूर्ण टेबलामागें दोन्ही अंगांस पांच-सहा फूट आणि बाजूंना तीन-तीन फूट जागा सुटावी, म्हणजे वीस फूट बाय अकरा फूट झालीच. गोरेगांवच्या पुष्कळ घरांत इतकी जागा ओसरीवरच मिळेल. पण दिवाळीनंतर धान घरांत येऊं लागलें कीं ओसरी पोत्यांनीं भरते. तेव्हां टेबल दोन सुटे भाग करून भिंतीशीं उभें ठेवतां येईल असेंच करावें, आणि भिंतीस ओल नाहीं हें आधीं पाहून घ्यावें. एक भाग उभा व एक आडवा ठेवला तर पोतीं हलेपर्यंत एकटें मूलही त्यावर सराव करूं शकतें.