जॉनी सेन : नोंदवहीबाहेरील एक कारकीर्द

क्रीडेतिहासाचे मुख्य साधन म्हणजे आकड्यांची नोंदवही. ती कोणाचे श्रम टिपते व कोणाचे वगळते, हा प्रश्न अमेरिकन बेसबॉलपटू जॉनी सेन (१९१७–२००६) ह्याच्या बाबतीत विशेष तीव्रतेने उपस्थित होतो.

बोस्टन ब्रेव्ह्ज संघाकडून सेनने चार हंगामांत प्रत्येकी वीस वा अधिक सामने जिंकले. १९५१ साली तो न्यूयॉर्क यांकीज संघात आला व पुढे साहाय्यक पिचर झाला. मुख्य पिचर थकला वा डळमळला की मैदानात उतरून आघाडी राखणे, हे ह्या साहाय्यकाचे काम. १९५४ मध्ये सेनच्या खाती २२ 'सेव्ह' आहेत. अमेरिकन लीगमध्ये त्या वर्षी इतके कोणाचेच नव्हते. परंतु 'सेव्ह' ही संज्ञा अधिकृत नोंदीत आली १९६९ साली! त्याचे श्रेष्ठत्व मागाहून केलेल्या गणनेने सिद्ध झाले.

प्रशिक्षकाच्या वाट्याला तेवढेही येत नाही. सेनच्या हाताखाली १९६१ मध्ये व्हाइटी फोर्डने २५, १९६६ मध्ये जिम काटने २५ आणि १९६८ मध्ये डेनी मॅक्लेनने ३१ सामने जिंकले. हे सर्व श्रेय सेनला देणे अर्थातच अनैतिहासिक होईल. मॅक्लेनने सेन येण्यापूर्वीच, १९६६ मध्ये, २० विजय मिळविले होते. शिवाय १९६८ चा हंगाम एकंदरीतच पिचरांना इतका अनुकूल ठरला, की पुढील वर्षी त्यांचा उंचवटा कमी करावा लागला.

आकड्यांपेक्षा अधिक बोलका पुरावा खेळाडूंच्या वर्तनात सापडतो. पिचरांना धावावयास लावण्यापेक्षा त्यांच्याकडून नित्य चेंडू फेकवून घ्यावा, असे सेनचे मत होते. चेंडूची फिरत शिकविण्यासाठी तो सळईवर बसविलेला चेंडू वापरी. व्यवस्थापकापुढे तो आपल्या पिचरांचीच बाजू घेई, आणि त्याची किंमतही त्याने मोजली. मिनेसोटा संघाने १९६६ च्या हंगामानंतर त्याला काढले, तेव्हा काटने जाहीर पत्र लिहून निषेध केला. संघाच्या वेतनावर असलेल्या खेळाडूने असे करणे ही सामान्य गोष्ट नव्हे. डेट्रॉइटनेही १९६९ मध्ये त्याला दूर केले.

१९७३ साली मिनेसोटाने सोडलेला काट शिकागोला सेनकडेच आला; १९७४ मध्ये त्याने २१ व १९७५ मध्ये २० सामने जिंकले. काटचा समावेश २०२२ साली कूपर्सटाउनच्या कीर्तिमंदिरात झाला. सेन तेथे नाही.