हुंडाबंदी आणि संसदेची दोन सभागृहे

साधे विधेयक लोकसभा आणि राज्यसभा या दोन्ही सभागृहांत संमत झाले, की राष्ट्रपतींची सही होऊन त्याचा कायदा होतो. पण दोघांचे जमलेच नाही तर? ती वेळ पहिल्यांदा आली हुंडाबंदीच्या विधेयकावर. हुंड्याच्या व्याख्येसह काही दुरुस्त्यांवर मतभेद झाले. अखेर घटनेच्या १०८व्या कलमाप्रमाणे ६ व ९ मे १९६१ रोजी संयुक्त बैठक झाली आणि मतदानाने प्रश्न सुटला. पुढे अशा बैठका १९७८ आणि २००२ सालीच झाल्या.

मुलूख सोडून पिढ्या लोटल्या, तरी लग्नाच्या याद्या आपण मराठी रीतीनेच करतो. त्या यादीत मानपानाच्या नावाने शिरलेला हुंडा खोडायला कुठलेही सभागृह येणार नाही. तो आपणच खोडायचा आहे.